तीनशेच्या वेगाचं हेल्मेट आणि आमचं घर

लुना जिथे तयार झाली त्या नगरचा मी माणूस. कागदोपत्री आता अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं. 1972 साली ती पन्नास सीसीची गाडी रस्त्यावर आली आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्याने आमच्या अख्ख्या पिढीची वेगाची कल्पना कायमची ठरवून टाकली. चढ आला की पायडल मारायचं, उतार आला की देवाचं नाव घ्यायचं, एवढंच तिचं ड्रायव्हिंग. डोक्यावर टोपी, थंडीत मफलर. अशा गावात, सावेडीच्या आमच्या घरात, माझ्या पुतण्याने रेसिंगचं हेल्मेट आणलं.

खोका उघडला तेव्हा घरातली सगळी मंडळी बारशाला जमावीत तशी भोवती जमली होती. आत मऊ पिशवी, पिशवीत काळंभोर हेल्मेट आणि त्याच्या मागच्या बाजूला एक शेपटी.

"ही कशाला रे?" दादाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, विचारलं.

"स्पॉयलर आहे बाबा. टाकीवर वाकून दोनशे-तीनशेच्या वेगाने गेलं की हवेने मान हलते. ती हलू नये म्हणून."

दादा नगर-मनमाड रस्त्याने आठवड्यातून एकदा कोपरगावला जाणारा माणूस. त्या रस्त्यावर मान डावी-उजवीकडे हलत नाही, वर-खाली हलते. त्याच्यावर शेपटीत काही सोय आहे का, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. नव्हती.

पट्ट्याला एक चिठ्ठी शिवलेली होती, क्यूआर कोडवाली. मोटारसायकल शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या एफआयएम या जागतिक संघटनेची हेल्मेटसाठी वेगळी परीक्षा असते आणि पास झालेल्यालाच ही चिठ्ठी मिळते. नगरलाही गाड्यांची परीक्षा घेणारा ट्रॅक आहे, पण तो व्हीआरडीईचा, संरक्षण खात्याचा, कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेरच्या आमच्या सगळ्यांची परीक्षा हमरस्त्यावरच होते. त्यामुळे या हेल्मेटने शर्यत कधी पाहिली नाही. त्याची खरी कसोटी लागली ती घरात.

पहिला पेच पट्ट्याचा. साध्या हेल्मेटला खटका असतो. याला इंग्रजी डीच्या आकाराच्या दोन कड्या. पट्टा दोन्हींतून ओवायचा, मग उलटा फिरवून एकीतूनच बाहेर काढायचा आणि ओढायचा. झटका बसला तरी सुटत नाही, म्हणून शर्यतीत हाच चालतो. आमचे भाऊजी एकदा गंमत म्हणून हेल्मेट घालून बसले आणि चहा आला. पट्टा सुटेना. कडीला सोडवायची लाल फीत असते हे ठाऊक असलेला एकुलता एक माणूस क्लासला गेलेला. भाऊजींनी काच वर करून बिस्किटं खाल्ली. चहा मात्र बशीतून पाजावा लागला.

खरा प्रसंग पुढे घडला. दादाच्या मते पेट्रोलच्या बोळ्याने न निघणारा डाग या पृथ्वीवर नाही. सायकलची चेन, खिडकीचे गज, पंख्याची पाती, सगळं त्याने आयुष्यभर पेट्रोलने पुसलं. तो बोळा घेऊन हेल्मेटकडे निघाला आणि पुतण्या आडवा पडला. वाद वाढला तेव्हा पोराने माळ्यावरून जुन्या मखराचा तुकडा काढला, स्टीलच्या वाटीत ओतलेल्या बोटभर पेट्रोलमध्ये उभा केला आणि म्हणाला, "बघा."

तळहाताएवढा तुकडा. खालून बुडबुडे आले आणि तो उभ्याउभ्याच खचत गेला. बघता बघता वाटीच्या तळाशी चिकट पांढरा गोळा उरला.

"हेल्मेटच्या आत हेच असतं," पोरगा म्हणाला.

दादाला धक्का पेट्रोलचा बसला नाही. "थर्माकोल? एवढे पैसे मोजून थर्माकोल?" 2018 साली सरकारने मखराच्या थर्माकोलवर बंदी आणली, आणि इथे पोरगा तेच डोक्यावर घेऊन फिरतोय!

पण मर्म त्या थर्माकोलमध्येच आहे. वरचं कवच कडक, फायबरचं किंवा कार्बनचं. ते मार पसरवतं. आतला थर दाबला जातो, आणि कवटीला बसायचा धक्का स्वतः चेपून गिळतो. हे काम तो एकदाच करतो. चेपला तो चेपला, परत फुगत नाही. म्हणून डोकं आत असताना हेल्मेट आपटलं की बाहेरून कितीही चकचकीत दिसो, ते बाद. रिकामं असताना हातातून निसटलं तर लगेच सुतक धरायला नको. पण बाइकच्या आरशावर अडकवायचं नाही, तिथे आरशाची दांडी आतला थर एकाच जागी दाबत राहते. थिनर नको, पेट्रोल नको, पेट्रोलच्या टाकीवर ठेवणंही नको.

मग धुवायचं कशाने? कोमट पाणी आणि बेबी शाम्पू. पुतण्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणली आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू पेढ्यांची चौकशी करून गेल्या. वहिनीने खुलासा केला, पण हेल्मेटमधून काढलेल्या गालाच्या इवल्याशा गाद्या सावलीत दोरीवर वाळत घातलेल्या पाहून काकूंचा विश्वास बसला नाही. बाळंतविडा कधी आणू, हे त्या अजून विचारतात.

काचेचं प्रकरण त्याहून नाजूक. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून अर्धा तास गेलं की काचेवर पाचटाचा भुगा, धूळ आणि संध्याकाळचे सगळे किडे एकत्र नांदतात. काच म्हणायची, पण असते पॉलिकार्बोनेटची. कोरडी घासली की ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्याचे दहा दिवे दिसतात. ओलं फडकं दहा मिनिटं नुसतं ठेवायचं, किडे आपसूक सुटतात. इतका संयम आमच्या घराण्यात नाही. समोर येईल ते बनियनने पुसायचं, हा दादाचा दुसरा धर्म.

शनिशिंगणापूरला जाताना आजी म्हणाली, "तिथं घरांना दारं नाहीत, ठेव की गाडीवर." पोराने दर्शन हेल्मेट काखेत धरूनच घेतलं. चोरीची भीती नव्हती. भीती होती कोणीतरी कौतुकाने उचलून बघेल याची. आमच्या टँक म्युझियममधले रणगाडे वर्षानुवर्षं उघड्यावर उभे आहेत, त्यांना कोणी सावलीत वाळवत नाही. पण रणगाड्याला नातेवाईक नसतात.

तेव्हा आमच्याकडे आलात तर हेल्मेट आत आणा, टेबलाच्या मधोमध ठेवा आणि दादाच्या हाती देऊ नका. आणि घरी गेलात की एक करा: आतली गादी उचलून तयार झाल्याची तारीख शोधा. कुठे ती पट्ट्यावर असते. तारखेला पाच वर्षं उलटली असतील तर नवं घ्या, आयएसआयची खूण बघून. शेपटी नसली तरी चालेल.