गाडी चढली तरी काही होत नाही

स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरली की, ज्यांनी आजवर त्या फरशीवर पाय फक्त जेवायला ठेवला, त्यांची मतं सगळ्यांत आधी तयार असतात. मामंजींना चकाकी हवी. दिराला ‘हॉटेलसारखं’ हवं. कोणत्या हॉटेलाचं स्वयंपाकघर त्यांनी आतून पाहिलंय, हे त्यांनी सांगितलेलं नाही. पाहिलं असतं तर तिथे जेवले नसते. जाऊबाईंना पांढरं हवं, कारण त्यांच्या माहेरी पांढरं आहे. माझी अट एवढीच, की वरवंटा हातातून सुटला तर फरशीने तो प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये.

काढायची आहे ती शहाबादी. अंबाजोगाईच्या आमच्या घरात ती माझ्या आजेसासूबाईंच्या वेळची. ओट्यापुढची एक लादी पाटाच्या पायांनी झिजून खोलगट झालीय आणि कोपऱ्यातल्या एकीचा टवका उडालाय. तिच्यावरचा आरोप असा, की ती जुनाट दिसते आणि पाहुण्यांना दाखवता येत नाही. तिच्यावर घसरून कोणाचं माकडहाड मोडलं, असा आरोप घरात कोणीही केलेला नाही. तशी ती निर्दोष नाही. चुनखडीचा दगड आहे, आंबट सोसत नाही. येळवशीची आंबील सांडली, चिंचेचा कोळ उडाला, की तिथला तुकतुकीतपणा जातो तो जातोच. पण ती त्याचा गाजावाजा करत नाही.

शहाबाद हे गाव गुलबर्ग्याकडचं. बीड आणि गुलबर्गा, दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात. 1948च्या सप्टेंबरात दोघे बरोबरच सुटले. 1956ला भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या तेव्हा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला, बीड मुंबई राज्यात आलं. दगडाला हे कोणी कळवलं नसावं. तो येतच राहिला. आमच्याकडे दगडाला तोटा आहे, असंही नाही. बालाघाटावर नांगर घातला की आधी दगड लागतो, माती नंतर. पण हा काळा पाषाण लाव्ह्याचा, त्याच्या पातळ लाद्या निघत नाहीत. शहाबादचा दगड भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून दगडांच्या जिल्ह्याला पायाखालचा दगड बाहेरून आणावा लागला.

आता फरशी मोरबीहून येते. गुजरातेत भट्टीत भाजतात आणि वर इटलीतल्या कॅराराच्या संगमरवराच्या शिरा छापतात. शिरा नैसर्गिक आहेत, असं दुकानदार म्हणतो. चार पेट्या उघडल्या की तीच नैसर्गिक शीर, त्याच कोपऱ्यातून, त्याच वळणाने परत भेटायला येते.

मग तो खिशातून मोटारसायकलची किल्ली काढतो आणि फरशीवर जोरात ओढतो. ओरखडा उठत नाही. पुढचं बोलणं आता फक्त भावाचं, अशा नजरेने तो आपल्याकडे बघतो. कठीणपणाच्या मोस मापावर किल्ली फार तर 5च्या आसपास आणि ही फरशी 6–7. हा सामना आधीच ठरलेला आहे. खरी गाठ वाळूतल्या गारेशी, ती 7. ती चपलेला चिकटून घरात येते आणि पिंपाच्या बुडाखाली जाऊन बसते. नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसल्यामुळे आमचं निम्मं स्वयंपाकघर हंडे, कळश्या आणि पिंपांनी भरलेलं असतं. भरलेलं पिंप कोणी उचलत नाही, सरकवतात. तेवढं वाळूसकट फूटभर सरकवून दाखवा म्हटलं, तर दुकानात पिंप नसतं.

“काकू, गाडी चढली तरी काही होत नाही.”

माझ्या स्वयंपाकघरात आजवर गाडी चढलेली नाही. तिथे येतं ते गॅसचं सिलिंडर. आणणारा ते ठेवत नाही, खांद्यावरून सोडतो. ज्वारीची पोती येतात. खरडा कुटायचा खलबत्ता तर जमिनीवरच असतो, कारण ओट्यावर कुटलं की भिंतीपलीकडचे विचारतात, काय चाललंय. गाडीचाच विषय निघाला होता म्हणून मी पार्किंगची टाईल मागितली. ती जाड असते, खडबडीत असते, पाय घसरत नाही. दुकानात शांतता पसरली.

“ती आत लावत नाहीत.”

“का?”

“लावत नाहीत.”

तिच्या खाचांत कणीक वाळली की दाभणाने उकरत बसावं लागेल, हे खरं कारण. ते मला ठाऊक होतं. दुकानात कोणीतरी एखादं कारण स्वयंपाकातलं द्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

फरशी उलटी करून पाठीवर पाण्याचे थेंब टाकले, तरी बरंच कळतं. चांगली व्हिट्रिफाइड टाईल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, थेंब तसाच बसून राहतो. भिंतीची टाईल दहा टक्क्यांच्या वर पिते. ती स्वस्त पडते म्हणून खाली घालणारेही आहेत. मी थेंब टाकायला लागले की दुकानदार चहा मागवतो. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी आली की माणसाचं संशोधन थांबतं.

मिस्त्रीचा विषय वेगळाच. त्याला सांधा मान्य नाही. “वैनी, जॉइंटलेस बसवतो, नख जाणार नाही.” दोन टायलींत दोन-तीन मिलिमीटर जागा लागते, कारण आमच्याकडच्या वैशाखात फरशीही फुगते आणि जागा नसली की एखाद्या दुपारी मोठ्ठा आवाज करून मधोमध उठते. त्यावर त्याचं उत्तर, “आपली उठत नाही.” खाली माल सगळीकडे पसरायच्या ऐवजी तो चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे गोळे ठेवतो. वरून नाणं वाजवलं की पोकळ आवाज येतो. त्या पोकळीवर सिलिंडरची कड पडली की कॅराराचे दोन तुकडे. सांध्यात पांढरं सिमेंट भरतात. हळदीचं घर असल्यामुळे ते आधी पिवळं होतं, मग तेलाने काळं. एपॉक्सी भरा म्हटलं तर हातातली थापी थांबवून तो विचारतो, “साहेबांना विचारलं का?” बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कसे काढायचे, हे मात्र त्याला पाठ आहे: ॲसिड. ते डाग खातं आणि जाता जाता सांध्यातलं सिमेंटही.

शेवटी बिनचकाकीची, राखाडी, दोन बाय दोनची टाईल घेतली. आरपार एकाच रंगाची, म्हणजे टवका उडाला तरी आतून वेगळं काही निघायला नको. त्याच शेडची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर टाकली, कारण मोरबीवाले तीच शेड पुन्हा काढतील याचा भरवसा नाही. एपॉक्सीसाठी साहेबांना विचारलं. त्यांनी एपॉक्सी म्हणजे काय, ते मिस्त्रीला विचारलं.

जुनी शहाबादी अंगणात रचून ठेवली होती. तिला जुनाट म्हणणाऱ्या दिरांनी त्यातल्या धड लाद्या शेतातल्या गोठ्याला नेल्या. म्हणे आता असा दगड मिळत नाही. धुण्यासाठी एक जाऊबाईंच्या माहेरी गेली.

पहिल्याच आठवड्यात मामंजींचे एक स्नेही आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी राखाडी जमीन नीट न्याहाळली आणि म्हणाले, “कोबा छान झालाय. फरशी कधी बसवताय?”