सेल वगळून सुधारणा

आराखड्याच्या चौथ्या पानावर, सातव्या ओळीत उणीव लिहिली आहे : 'गृहभेटीत नवजात बालकाचे तापमान नोंदविलेले नाही.' शेजारच्या रकान्यात तिचं मूळ कारण : 'प्रेरणेचा अभाव.' त्याच्या शेजारी उपाययोजना : 'एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण, समुपदेशन, पाक्षिक आढावा.' आणि पार कडेला, जिथे झेरॉक्स काढताना अक्षरं अर्धी कापली गेली आहेत तिथे, आशाताईने बॉलपेनने लिहिलंय : 'थर्मामीटरचा सेल संपला आहे.'

हा मजकूर वरच्या कुणीतरी वाचला एवढं नक्की. कारण त्याच्या खाली लाल शाईत शेरा आहे : 'रकान्याबाहेर लिहू नये.'

कामगिरी सुधारणा आराखडा म्हणतात तो हा. यातली कारागिरी कळायला प्रपत्र नीट बघावं लागतं. मूळ कारणाच्या रकान्यात मनाला येईल ते लिहायची सोय नाही, चारांतलं एक निवडायचं : ज्ञानाचा अभाव, कौशल्याचा अभाव, प्रेरणेचा अभाव, कुटुंबाचे सहकार्य नाही. साहित्याचा अभाव हे कारण यात नाही, कारण तो अभाव जिल्ह्यात नाहीच. आशा किटचं वाटप शंभर टक्के झालंय, तसा अहवाल वर गेलाय, आणि वर गेलेला अहवाल कधी खाली येत नाही. ताईकडे थर्मामीटर आहे का? आहे. पोच आहे का? आहे, सहीसकट. तो चालतो का, हे विचारायला प्रपत्रात जागा नाही. आता उरलेल्यांतून निवडा. ज्ञान? सहाव्या-सातव्या मॉड्यूलचं प्रशिक्षण झालंय. कौशल्य? प्रशिक्षणानंतरच्या परीक्षेत ताई पास आहे. कुटुंब? नवरा मोटारसायकलवर मागे बसवून वाड्या-वस्त्यांवर नेऊन सोडतो, त्याला पेट्रोलचं आजवर कुणी विचारलेलं नाही. राहिली प्रेरणा. ती दिसत नाही, मोजता येत नाही, तिची पोच कुणी घेतलेली नसते. त्यामुळे तिचा अभाव कुणाच्याही नावावर टाकता येतो.

मग ती प्रेरणा घ्यायला तालुक्याला या, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ताई वडापने गेली. सभागृहाच्या दाराशी फ्लेक्स. फ्लेक्सवर हसणारं गुटगुटीत बाळ, बहुधा परदेशी, कारण तीट नाही. आत व्याख्याते. त्यांनी सगळ्यांना एकेक फुगा दिला. फुगवा, त्यावर तुम्हाला मागे खेचणारी गोष्ट लिहा आणि फोडा. या फुग्यांवर माझा जुना राग आहे. या राज्यात शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशा यांच्यापैकी कुणाचंही काही राहिलं की त्यांना फुगा देतात. ठेकेदाराला कधी दिल्याचं ऐकलं नाही. रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला म्हणून कुण्या अभियंत्याने भर सभागृहात गाल फुगवून फुगा फुगवला आणि त्यावर 'डांबर' लिहून तो फोडला, असं दृश्य कुणी पाहिलं असेल तर मला कळवावं, मी स्वखर्चाने बघायला जाईन. खालच्या माणसाची अडचण ही त्याच्या मनात असते आणि वरच्या माणसाची ती परिस्थितीत असते, असा काहीतरी अलिखित शासन निर्णय असावा. असो. ताईने फुग्यावर 'सेल' लिहिलं आणि फुगा फोडला. टाळ्या झाल्या. व्याख्यात्यांनी विचारलं, आता कसं वाटतंय? व्याख्यात्यांच्या हातात प्रोजेक्टरचा रिमोट होता. त्यात दोन पेन्सिल सेल होते. दोन्ही चालू होते.

आता कुणी म्हणेल, अहो, एक बटणाएवढा सेल, एल आर 41, दहा-वीस रुपयांची वस्तू, देऊन का टाकत नाहीत? हे ज्याच्या मनात येतं त्याने सरकारी भांडाराचं दार आतून पाहिलेलं नाही. सेल हे औषध नाही, म्हणून तो औषध भांडारात नाही. तो उपकरणही नाही, उपकरणाचा भाग आहे. आणि उपकरणं आली ती किट म्हणून आली, सुटे भाग म्हणून नाही. लेखनसामग्रीत बसवावा तर त्याने लिहिता येत नाही. गावाला वर्षाला दहा हजारांचा बंधमुक्त निधी असतो, त्यातून घ्यावा असं एका बैठकीत सुचलं. पण बंधमुक्त निधीलाही गावच्या समितीचा अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्यांचा बंध आहे, आणि त्यांच्यातलं एक माणूस कायम बाहेरगावी असतं. शिवाय बिल लागतं. सेल मिळतो घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे, तो बसतो एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक कुठून येणार? मग दुसरा मार्ग निघाला : सेल नकोच, थर्मामीटरच नवा द्या. नवा द्यायचा तर जुन्याचं निर्लेखन व्हायला हवं. निर्लेखन व्हायचं तर तो नादुरुस्त असल्याचा दाखला हवा. दाखला द्यायचा तर तपासून बघायला हवा. तपासायला त्यात सेल घालावा लागतो. आणि सेल घातला की तो चालतो. चालणाऱ्या उपकरणाचं निर्लेखन करता येत नाही, म्हणून सेल काढून घेऊन थर्मामीटर ताईला परत करण्यात आला. अहवालात लिहिलं : 'उपकरण सुस्थितीत आढळले.'

त्यामुळे प्रेरणेचा अभाव हे निदान आता अधिकच पक्कं झालं.

मधल्या काळात ताई काय करत होती? तर काम. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. ती जाते, बाहेर हात धुते, कोरडे करते, एकमेकांवर चोळून ऊन करते. मग दुपटं थोडं बाजूला सारून उलट्या हाताने बाळाचं पोट बघते आणि मग तळपाय. पोट ऊन आणि तळपाय थंड लागले की बाळ गारठू लागलंय. मग टोपडं, पायमोजे आणि बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून गोधडी. आजी कुरकुरते, खोलीत धूर केलाय की, आणखी काय पाहिजे. ताई धुराची पाटी बाहेर ठेवायला लावते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर गाडी बोलवा, थांबायचं नाही. हे सगळं झाल्यावर ती प्रपत्र भरायला घेते. त्यात 'तापमान' असा रकाना आहे. हाताला काय लागलं याचा रकाना नाही. थर्मामीटर बंद, म्हणून ती रकाना कोरा ठेवते.

चूक झाली ती इथेच. कोरा ठेवला.

शेजारच्या गावचा तक्ता बघा. तिथल्या प्रत्येक बाळाचं तापमान 98.4 आहे. पावसाळ्यात 98.4, माघाच्या थंडीत 98.4, कमी वजनाच्या जुळ्यांचं, दोघांचं मिळून नव्हे तर प्रत्येकाचं, 98.4. या गावावर निसर्गाची काही विशेष कृपा असावी. तिथल्या थर्मामीटरचा सेल पहिल्या किटबरोबर आला तोच आहे आणि तोही कधीच गेला आहे, पण तिथल्या ताईला जगरहाटी कळते. ती संगणकात हिरवी दिसते. आमची लाल. हिरवीला 26 जानेवारीला प्रमाणपत्र मिळालं, लालला आराखडा. लालची गटप्रवर्तक होती तिलाही एक आराखडा मिळाला, कारण तिच्या हाताखाली लाल आहे. आता हिरवी आणि लाल या दोघींत सुधारणा कुणाला हवी, हे विचारायची सोय नाही, तोही रकाना नाही.

दुसरी एक उणीव आहे आठव्या ओळीत : चौदाव्या दिवसाची भेट झाली नाही, 'पाठपुरावा अपुरा'. पहिलटकरीण होती, बाराव्याचं बारसं करून माहेरची माणसं घेऊन गेली, दोन तालुके पलीकडे. महाराष्ट्रात पहिलटकरीण माहेरी जाते, ही बातमी अजून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलेली नाही. पोचली की तिच्यावरही प्रशिक्षण होईल.

हसून झालं असेल तर आता पैशाचं सांगतो. या सहा भेटींचे, सहाच्या सहा मिळून, 250 रुपये. दर 2011 साली ठरला. एका भेटीला 41 रुपये 66 पैसे पडतात. त्यानंतर पेट्रोल, वडाप, बॉलपेन आणि सेल या सगळ्यांचे भाव वाढले. आणि हे 250 सहज मिळत नाहीत. मूळ सूचनांमध्ये अटी आहेत : जन्मवजनाची कार्डावर नोंद, जन्माची नोंदणी, बीसीजी आणि बाकीच्या पहिल्या डोसांची नोंद, आणि शेवटची अट अशी की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असायला हवीत. ही अट ज्याने लिहिली त्याच्या घरी कधी बाळ गेलं नसावं. बाळ पंचविसाव्या दिवशी गेलं, तर तोवर ताई त्या घरी चार वेळा जाऊन आलेली असते. रात्री फोन आला म्हणून पाचव्यांदाही गेलेली असते. गाडी तिनेच बोलावलेली असते. दवाखान्यात आईसोबत तीच बसलेली असते, कारण बाप पैशाची सोय करायला धावलेला असतो. परत आल्यावर तिला त्या घरी पुन्हा जायचं असतं, प्रपत्र न घेता. आणि कागदाच्या हिशेबाने त्या बाळाचं तिला काहीही येणं नाही, कारण काम पूर्ण झालं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार बाळ जगण्यावर अवलंबून नाही, जिल्ह्याच्या साहेबाचा नाही, फुगेवाल्या व्याख्यात्याचं मानधन तर मुळीच नाही, ते आधीच घेतलेलं असतं. सगळ्या साखळीत मरणाची जोखीम अंगावर घेणारी बाई एकच, आणि ती कागदावर नोकरही नाही, स्वयंसेविका आहे. 2005 पासून आहे. नोकर नाही म्हणून पगार नाही, पीएफ नाही, निवृत्तिवेतन नाही. पण कामगिरी आहे आणि ती सुधारायची आहे. पगारदाराला असा आराखडा देतात तेव्हा निदान पगार चालू असतो. हिचा मोबदला तीन-तीन महिने तुंबतो. 2024 च्या फेब्रुवारीत या बाया आझाद मैदानावर येऊन बसल्या होत्या. तिथे त्यांच्यात प्रेरणेचा अभाव कुणाला दिसला असेल, तर त्याच्या चष्म्याचा नंबर तपासावा.

आवाज चढला, माफ करा. सेलकडे येतो.

ताईने शेवटी तो स्वतःच घेतला. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर घड्याळवाल्याने मागचं टोपण काढलं, चिमट्याने जुना सेल उचलून मागच्या गटारात टाकला, नवा बसवला आणि वीस रुपये घेतले. त्या आठवड्यात पहिल्या बाळाचं तापमान 97.6 भरलं, दुसऱ्याचं 98.2. रकाना भरला. संगणकात ताई लालची पिवळी आणि पिवळीची हिरवी झाली.

पाक्षिक आढाव्यात ही बाब ठळकपणे मांडण्यात आली. आराखड्यामुळे तापमान नोंदणी शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेली, अशी स्लाईड दाखवली. यशोगाथा लिहून मागवली, दोनशे शब्दांत, फोटोसह. फोटो फुग्याचा होता तोच चालला. समुपदेशनाचा हाच नमुना आणखी तीन तालुक्यांत राबवावा असं ठरलं आणि फुग्यांची मागणी नोंदवण्यात आली. फुगे लेखनसामग्रीत बसतात. त्यांच्यावर लिहिता येतं.

पण यशोगाथेत ताईने सरळपणाने 'नवीन सेल बसविला' असं एक वाक्य लिहिलं होतं. ते कुणी खोडलं नाही, कारण कुणी वाचलं नाही. लेखापरीक्षणाच्या माणसाने मात्र वाचलं. शासकीय उपकरणात खाजगी सेल बसविण्यापूर्वी पूर्वपरवानगी घेतली होती काय? मूळ सेल हा किटचा भाग असल्याने तो भांडारात जमा केला काय? केला असल्यास पावती जोडावी, नसल्यास वसुली का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

ताई खुलासा लिहायला बसली होती, की सेल गटारात गेला. शेजारच्या गावच्या हिरव्या ताईने तो कागद फाडून टाकला आणि तिला घड्याळवाल्याकडे नेलं. त्याच्या डब्यात मेलेले सेल ढीगभर असतात, त्यातला एक मागून घेतला. कुणाच्या घड्याळातला होता कोण जाणे. भिंगाखाली धरून तेवढा आकडा मात्र दोघींनी तपासून घेतला.