एमटी-सेफ गृहस्थ

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत हे गृहस्थ एक तरी असतातच. बाकीची मंडळी फंक्शनचं मॅन्युअल उघडतात, उदाहरण उचलतात आणि पळतात. हे आधी तळाशी जातात, 'अ‍ॅट्रिब्यूट्स'च्या तक्त्यापाशी. तिथे 'एमटी-सेफ', म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरलं तरी चालेल असं, दिसलं की जरा हिरमुसतात. 'एमटी-अनसेफ' दिसलं की चेहरा खुलतो.

"लोकलटाइम वापरलंस? थ्रेड किती?"

"चार, सर."

"आणि उत्तर ठेवायचा डबा सगळ्यांत एकच! तू घास घेईपर्यंत दुसऱ्याने त्यात आपली आमटी ओतलेली असते. लोकलटाइम_आर घे, स्वतःचा डबा आण."

म्हणून पोरं शेपटीला '_आर' पाहून निर्धास्त होतात, तर तेही यांना खपत नाही. रीडडिर_आर जीलिबसी या सी लायब्ररीने 2.24 आवृत्तीत कालबाह्य ठरवलं. साधं रीडडिरच वापरा, फक्त एकच स्ट्रीम दोन थ्रेडच्या हाती देऊ नका. गेटएन्व्ह सेफ आहे म्हणावं, तर बोट सरकून शेजारच्या 'एन्व्ह' या बारीक शब्दावर येतं: मधेच कुणी सेटएन्व्ह केलं नाही तरच सेफ! लग्नाची पत्रिका आली तरी हे खालच्या अटी आधी शोधत असतील, अशी मला दाट शंका आहे.

खरं दुःख होतं ते मॅन्युअल गप्प असलं की. मग चहावर इतिहास निघतो. पॉझिक्स या मानकात थ्रेड आले 1995 साली. जीलिबसीच्या मॅन्युअलात थ्रेड-सेफ्टीची ही माहिती आली 2014 मध्ये, 2.19 आवृत्तीत, तीही 'प्राथमिक' म्हणून. मधली 19 वर्षं लोकांनी सोर्स वाचून, पॉझिक्सची यादी पाठ करून, नाहीतर देवावर हवाला ठेवून काढली. तोवर चहावर साय धरते.

पण एखाद्या रात्री लॉगमधल्या तारखा एकमेकींत मिसळतात, 'माझ्या मशीनवर तर चालतं' असं चौघे शपथेवर सांगतात, आणि फोन यांनाच जातो. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य यांनी राखून ठेवलेलं असतं. ते पुढे महिनाभर पुरवून वापरतात. चिडायची सोय नाही, कारण खरंच म्हटलेलं असतं.

तेव्हा लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, दोन थ्रेडनी एकदम हाक मारली तर तुमचं फंक्शन काय करेल, एवढी एक ओळ मॅन्युअलात लिहाच. नसेल सेफ तर तसं लिहा, लाज कसली? आमचा चहा तरी गरम असताना संपेल.