रात्री दोनची कॉपी

(कार्यालय. बिनघोर खुर्चीत रेललेला. शंकेखोर चष्मा पुसत त्याच्या पडद्यात डोकावतात.)

बिनघोर : काका, उगाच काळजी करता. शाखेच्या सर्व्हरवरून रोज रात्री दोनला फायली आपोआप येतात. हा बघा लॉग. रोज एकच ओळ : 'कॉपी झाली'.

शंकेखोर : ती ओळ लिहितं कोण?

बिनघोर : स्क्रिप्टच. शेवटी एको टाकलाय.

शंकेखोर : आणि कॉपी फसली तर?

बिनघोर : तरी लिहिते. एकोचा आणि कॉपीचा काय संबंध?

शंकेखोर : अरे, बॅश असाच! एक कमांड फसली तरी खुशाल पुढच्या ओळीवर जातो. कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते, तो बघायचा असतो. शून्य म्हणजे सुखरूप, बाकी काहीही म्हणजे बोंब. एसएसएचला पलीकडचं मशीनच सापडलं नाही तर 255.

बिनघोर : शून्य म्हणजे पास? आमच्या शाळेत असं असतं तर मी बोर्डात आलो असतो! आणि आकडा बघतो हो मी, दुसऱ्या शाखेच्या स्क्रिप्टमध्ये. एससीपीचं सगळं बोलणं पाइपातून 'टी'ला देतो, ते लॉगमध्ये उतरतं, मग आकडा तपासतो. कायम शून्य!

शंकेखोर : तो 'टी'चा. पाइपात शेवटच्याचाच निकाल लागतो.

बिनघोर : म्हणजे नापास एक, पेढे दुसऱ्याचे?

शंकेखोर : पाइपफेल लाव. आणि या पहिल्या स्क्रिप्टमधले चुकांचे निरोप कुठे जातात?

बिनघोर : डेव्ह-नलमध्ये. रोज तेच 'कनेक्शन टाइम्ड आउट'. वाचून वाचून कंटाळा आला.

शंकेखोर : (डोळे मिटून) बरं. समोरून पासवर्ड मागितला तर रात्री दोनला देणार कोण?

बिनघोर : वॉचमन जागा असतो.

शंकेखोर : बॅचमोड चालू ठेव, मग कुणाला काही विचारत बसणार नाही, फसायचंच तर लगेच फसेल. कनेक्ट टाइमआउटही दे. आता सांग, फाइल अर्धी आली आणि लाइन गेली तर?

बिनघोर : अर्धी तर अर्धी, आली ना!

शंकेखोर : खऱ्या नावाने आली, ते वाईट! सकाळी हिशेबाचा प्रोग्रॅम तीच पूर्ण समजून वाचणार.

बिनघोर : अच्छा! म्हणून त्या मंगळवारी खर्च निम्मा दिसत होता. साहेबांनी सगळ्यांना भजी मागवली होती.

शंकेखोर : तात्पुरत्या नावाने उतरव, दोन्हीकडचा चेकसम जुळव, मग एमव्हीने नाव बदल. फाइल त्याच डिस्कवर असली की नाव एका झटक्यात बदलतं, अर्धवट काही दिसत नाही. आरसिंक वापरलीस तर उतरवणं आणि नाव बदलणं ती स्वतःच करते. शिवाय तिचे आकडे बोलके. 23 म्हणजे काही फायली राहिल्या. 24 म्हणजे यादी करताना होत्या, उचलायला गेलो तर गायब.

बिनघोर : 24 आला की घाबरायचं?

शंकेखोर : टेंपररी फायलींत नाही. पगाराच्या फोल्डरमध्ये जरूर.

बिनघोर : ठरलं! शून्य नसेल तिथे गजर. विंडोजच्या मशीनवर रोबोकॉपी आहे, तिथेही हेच लावतो.

शंकेखोर : नको रे! रोबोकॉपीत 1 म्हणजे फायली नीट कॉपी झाल्या. बोंब 8 पासून पुढे.

बिनघोर : म्हणजे काम झालं की गजर होईल आणि कामच नसलं की शांतता? ऑफिसला शोभतंय.

शंकेखोर : पुढे चल. कॉपीनंतर मूळ फायलींचं काय करतोस?

बिनघोर : पुढच्याच ओळीत उडवतो. शाखेची डिस्क भरते हो.

(शंकेखोर आधारासाठी टेबल धरतात.)

शंकेखोर : ती ओळ आत्ता बंद कर. आत्ता! आणि चुकांचे निरोप डेव्ह-नलमधून काढ, क्रॉन ते मेल करेल.

बिनघोर : पूर्वी करायचाच की.

शंकेखोर : कुणाला?

बिनघोर : रूटला.

शंकेखोर : रूटचा मेल वाचतं कोण?

बिनघोर : कुणीच नाही. पण डबा तुंबत नाही हं काका, पहाटे तीनला पुसणारी वेगळी स्क्रिप्ट आहे. ती आजवर एकदाही फसलेली नाही.