चौथे आले आणि बुडाले

सांपदोरिया हा इटलीतल्या जेनोवा या बंदरशहराचा फुटबॉल क्लब. १९४६ मध्ये सांपिएरदारेनेझे आणि आंद्रेआ दोरिया हे दोन क्लब एकत्र येऊन तो स्थापन झाला. १९९१ मध्ये व्हियाली आणि मान्चिनी या जोडीच्या बळावर त्याने इटलीची लीग जिंकली. गावातला दुसरा क्लब जेनोआ. दोघांचे मैदान एकच, लुईजी फेर्रारिस. एका घरात दोन चुली मांडल्यावर जे होते ते, दोघे एकाच श्रेणीत असले की, येथे वर्षातून किमान दोनदा होते, आणि ते पाहायला लोक तिकीट काढतात.

२००९-१० च्या मोसमात लुईजी देलनेरी या प्रशिक्षकाच्या हाताखाली सांपदोरिया चौथा आला. पालेर्मो हा क्लब दोन गुणांनी मागे राहिला. चौथा क्रमांक म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचे दार. पुढे जे घडले त्याची सुरुवात या आनंदातच झाली, कारण यश मिळालेल्या क्लबातली माणसे मोठ्या क्लबांना अचानक हुशार वाटू लागतात. देलनेरी आणि क्लबचा सूत्रधार ज्युसेप्पे मारोत्ता दोघेही युव्हेंटसला गेले. (तिथे देलनेरी सातवा आला आणि वर्षभरात त्याची नोकरीही गेली. या प्रकरणात सुखी कोण झाले, हा प्रश्न पुढे येतोच.)

नवा प्रशिक्षक डोमेनिको दि कार्लो. ऑगस्ट २०१० मध्ये पात्रता फेरीत गाठ पडली जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनशी. पहिल्या सामन्यात ३-१ अशी हार झाली. परतीच्या सामन्यात सांपदोरियाचा गोलवीर पात्सिनी याने पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल केले आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा जोडीदार कास्सानो याने तिसरा. काही मिनिटे तग धरला की काम फत्ते. पण भरपाईच्या वेळेत ब्रेमेनच्या रोझेनबर्गने एक गोल केला, अतिरिक्त वेळेत पिझारोने दुसरा, आणि सामना जिंकूनही दोन सामन्यांच्या बेरजेत मागे पडून सांपदोरिया स्पर्धेबाहेर गेला. दैव देते नि कर्म नेते म्हणतात. इथे दोघांनी मिळून एकाच संध्याकाळी काम उरकले.

एवढ्याने कोणी बुडत नाही. नौकेला खरे भोक ऑक्टोबरमध्ये पडले, आणि तेही मैदानाबाहेर. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष रिकार्दो गार्रोने हे तेलव्यवसायातले वयस्क, शालीन गृहस्थ. त्यांनी आंतोनियो कास्सानोला एका पुरस्कार समारंभाला येण्याची विनंती केली. समारंभ टाळण्याची इच्छा होणे मानवी आहे, आणि त्यासाठी पोट दुखणे, पाहुणे येणे, गाडी बंद पडणे असे सभ्य उपाय जगभर प्रचलित आहेत. कास्सानोने यांपैकी एकही न वापरता अध्यक्षांना तोंडावर शिव्या दिल्या. क्लबने त्याला संघाबाहेर ठेवले आणि करार रद्द व्हावा म्हणून प्रकरण लवादाकडे नेले. अध्यक्षांच्या बाजूने न्याय होता, यात शंका नाही. अडचण एवढीच की गोलांची कल्पना सुचणारा डोकेबाज खेळाडू समोरच्या बाजूला होता. जानेवारी २०११ मध्ये तो मिलानकडे गेला.

कल्पना सुचवणारा गेल्यावर निदान गोल मारणारा तरी राखावा, असे कोणालाही वाटेल. क्लबने त्याच महिन्यात जाम्पाओलो पात्सिनीला इंटरला विकले. बदल्यात रोख रक्कम आणि बियाबियानी हा वेगवान खेळाडू मिळाला. गोलांसाठी मास्सिमो माक्कारोनेला आणले, आणि मँचेस्टर युनायटेडकडून फेदेरिको माकेदाला उसनवारीवर. माकेदाने लीगमध्ये एकही गोल केला नाही. इंटरकडून पहिल्याच सामन्यात पात्सिनीने दोन केले. पैसे खात्यात जमा झाले, गुण जमेनात.

मार्चमध्ये दि कार्लोला काढून आल्बेर्तो काव्हासिनला नेमले. बुडत्या क्लबात प्रशिक्षक बदलणे हा इटलीतला जुना विधी आहे. त्याने प्रकृती क्वचितच सुधारते, पण नातेवाइकांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

मे महिन्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. शनिवार ७ मे रोजी मिलानने लीग जिंकली, म्हणजे कास्सानो विजेता झाला. रविवार ८ मे रोजी सांपदोरियाचा सामना जेनोआशी. १-१ अशी बरोबरी असताना भरपाईची वेळही संपत आलेली, आणि जेनोआच्या मौरो बोसेल्लीने गोल केला. हा अर्जेंटिनाचा आघाडीवीर विगन या क्लबाकडून उसना आलेला होता. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. उसनवारी दोन्ही शेजाऱ्यांनी केली होती, फळ मात्र एकालाच लाभले. पुढच्या रविवारी, १५ मे रोजी, घरच्या मैदानावर २-१ अशी हार झाली आणि सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, रवानगी निश्चित झाली. हरवणारा संघ पालेर्मो, वर्षापूर्वी दोन गुणांनी मागे टाकलेला. कर्णधार आंजेलो पालोम्बो रडत रडत प्रेक्षकांची माफी मागत होता.

अंतिम तक्त्यात सांपदोरिया अठरावा, ३६ गुणांवर. ३८ सामन्यांत गोल केले ३३, खाल्ले ४९. आठव्या क्रमांकावर सुखाने बसलेल्या पालेर्मोने साठाहून अधिक गोल खाल्ले होते. म्हणजे बचावफळीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. बिचारे आपले दार राखत होते. पुढच्या अंगणातली माणसे जानेवारीतच विकली गेली होती.

जेनोआच्या समर्थकांनी शहरातून सांपदोरियाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. शेजाऱ्याच्या शोकसमयी इतक्या मोठ्या संख्येने हजर राहण्याचा शिष्टाचार त्यांनी पाळला खरा. त्यांचा स्वतःचा क्लब २००५ मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात थेट तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला होता, याची आठवण त्या गर्दीत कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

सांपदोरियाने पुढचे वर्ष सेरी बी मध्ये काढले. तिथे सहावा क्रमांक आला, तोही बढतीच्या बाद फेरीत शिरण्यापुरताच. त्या फेरीत व्हारेझेला हरवून जून २०१२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत, सेरी ए मध्ये, परतला. कास्सानोही २०१५ मध्ये परतला आणि पुन्हा तोच निळा सदरा चढवून खेळला.