इंग्रज पाहिजेत

आमच्या मोहोळ तालुक्यात आष्टी नावाचं गाव आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल स्मिथच्या घोडदळानं दुसऱ्या बाजीरावाला तिथं गाठलं. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले आणि पेशवे तेवढे निसटले. पुढं जेमतेम साडेतीन महिन्यांत त्यांनीही इंग्रजांच्या माल्कमपुढं हत्यार ठेवलं. एवढी मोठी गोष्ट तालुक्याच्या हद्दीत घडूनही मोहोळच्या स्टँडवर तिचा उच्चार मी कधी ऐकलेला नाही. स्टँडवर फक्त सोलापूर गाडीचा उच्चार होतो, तोही ती गेल्यावर.

म्हणून ही लढाई घरीच पुन्हा लढायची असं मी ठरवलं. त्याला सात वर्षं झाली. लढाई अजून सुरू झालेली नाही. मूळ लढाईला एक दिवसही लागला नव्हता.

इंचभर उंचीचे सैनिक टेबलावर मांडायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि होऊन गेलेली लढाई परत खेळायची, असा हा छंद आहे. परदेशात तो प्रतिष्ठितांचा मानतात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायसवित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटानं नकाशावर खेळायचा असा खेळ वरिष्ठांना दाखवला. सेनाप्रमुख म्युफ्लिंग आधी नाइलाजानं बसले, आणि उठताना मात्र हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे असं सांगून गेले. एच. जी. वेल्सनं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक काढलं. त्याच्या लांबलचक नावातच लिहिलंय की हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मी चोपन्न वर्षांचा आहे. वेल्सच्या हिशेबानं माझ्याकडं अजून शहाण्णव वर्षं शिल्लक आहेत. आमच्या घरात हा हिशेब मंजूर नाही, आणि मी पतसंस्थेत हिशेबच लिहितो.

“पोरासाठी का?” हा पहिला प्रश्न असतो. पोरगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्यासाठी नाही म्हटलं की “मग नातवासाठी?” नातू अजून नाही. यानंतर समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, “मग कशासाठी ओ, भाऊसाहेब?” तब्येत विचारतात त्या सुरात.

दिवाळीत तर माझी ओळखच बदलते. आमच्या गल्लीतली पोरं विटा, गोणपाट आणि चिखल जमवून किल्ला करतात. मोहोळची माती काळी. ती ओली असेपर्यंत किल्ला दिसतो, वाळली की भेगा पडून किल्ला आपोआप सर होतो. ही पोरं माझं टेबल बघायला माडीवर येतात, कमरेवर हात ठेवून पाहणी करतात आणि निकाल देतात : “काका, तुमचा किल्ला लई बसका झालाय.” मी सांगतो, हा किल्ला नाही, हे आष्टीचं माळरान आहे. “अळीव का नाही पेरलं?” म्हणून दुसरा विचारतो. एकदा एकानं माझ्या परस्पर पेरलंही. चौथ्या दिवशी इंग्रजांची सगळी डावी बगल गुडघाभर अळिवात उभी होती.

त्यांनी भेट दिलेले मावळेही मला ठेवून घ्यावे लागतात, कारण पोरं येऊन बघतात. बाजारातला मातीचा मावळा चार इंचांचा. माझे स्वार अठ्ठावीस मिलिमीटरचे. (हे माप तळपायापासून डोळ्यापर्यंत घेतात, डोक्यापर्यंत नाही, कारण पगडी कुणाची किती उंच हे सांगता येत नाही. इंग्रजांनी एवढी एक गोष्ट आपली पगडी लक्षात घेऊन केली असावी असं मला उगीच वाटतं.) म्हणजे माझा माणूस खरा साडेपाच फुटांचा धरला, तर तो मावळा वीस फुटांच्या जवळपास जातो. असा एकच मावळा आष्टीला असता तर पेशवाई वाचली असती. पण तो मावळा, त्याच्या शेजारचा घोड्याहून मोठा वाघ आणि पाठोपाठ आलेला प्लॅस्टिकचा बॅट्समन, हे सगळे सध्या गोखल्यांच्या पिछाडीला राखीव दल म्हणून उभे आहेत.

खरे सैनिक बाहेरून मागवावे लागतात. परदेशात शिशाच्या मिश्रधातूचे मराठा स्वार ओतून विकतात, हे ऐकून मला भरून आलं होतं. पुडकं फोडल्यावर ते ओसरलं. निम्म्यांच्या डोक्यावर अलिबाबाचा फेटा. एकाच्या पायात टोकाला वळलेली नाटकातली मोजडी. असा स्वार पंढरपूरच्या वाटेला दिसला असता तर लोकांनी त्याला बहुरूपी समजून पसाभर ज्वारी घातली असती. मी कानशीनं मोजड्या घासल्या. दोघांचे पाय गेले.

पण हे नंतरचं. आधी पुडकं अडकलं. एका कार्यालयातून फोन आला, आत काय आहे? मी म्हणालो, बाविसावी ड्रॅगून. पलीकडं शांतता. मग, “पातळ पदार्थ आहे का?” मी म्हणालो, घोडदळ आहे. “जिवंत?” मी म्हणालो, १८१८ चं आहे. ते म्हणाले, म्हणजे पुरातन वस्तू, त्याचा फॉर्म वेगळा. शेवटी ‘खेळणी, धातूची, चाळीस नग’ असं माझ्याच हातानं लिहून द्यावं लागलं. म्युफ्लिंग असते तर त्यांनी सही केली नसती.

रंगकामाचं काय सांगू! गावात रंग मिळतो तो लिटरच्या डब्यात, दाराला लावायचा. मला हवा होता फिकट करडा निळा, बारा थेंब. दुकानदारानं दोन वेळा विचारलं, “खोली केवढी आहे?” चेहऱ्यांसाठी मी गणपती रंगवणाऱ्या एका कारागिराकडं गेलो. मूर्तिकामात डोळ्यांची आखणी हे सगळ्यात नाजूक काम, ते मुख्य माणूसच करतो. त्यानं माझा स्वार चिमटीत धरला, उजेडाकडं नेला आणि विचारलं, “ह्याचं तोंड कुठंय?” तोंड होतं, मालदांडीच्या दाण्याएवढं. मालदांडी ज्वारीचं एम ३५-१ हे नामांकित वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेलं, त्यामुळं दाण्याचं माप मी चुकणार नाही. कारागीर म्हणाला, “भाऊसाहेब, एका दाण्यावर दोन डोळे आखायचे तर गौरी-गणपती होऊन जातील.” आता मीच आखतो. माझे सगळे स्वार डावीकडं बघतात. पेशवे त्याच दिशेनं पळाले असं मी पाहुण्यांना सांगतो.

मैदानाबद्दलच्या सूचना वेगळ्याच. माझं टेबल म्हणजे जुन्या वाड्याचं दार, दोन पिंपांवर आडवं टाकलेलं. त्यावर भुसा, गोंद, वाळू, कुठं कुठं खडे. आष्टीकडचे एक पाहुणे आले, टेबलाला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “तलाव कुठाय?” मी सांगितलं, आष्टीचा तलाव इंग्रजी अमदानीत बांधला, लढाईच्या वेळी नव्हता. “असं कसं? आमच्या आज्याच्या आधीपासून हाय त्यो.” मी म्हणालो, लढाई आज्याच्याही आधीची. ते रुसले. तलाव नसलेली आष्टी त्यांना पाहवेना. दुसऱ्याला ऊस दिसेना. उजनीचं धरण पुरं झालं १९८० साली, त्याआधी या माळावर कोरडवाहू ज्वारी, हे मी तारखेनिशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, “तरी कडंला दोन सऱ्या लावा, बरं दिसंल.” उसात घोडदळ शिरत नाही हो! पण हे कुणाला सांगायचं? आमच्याकडं उसात काय काय शिरतं याची मोहोळकरांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

उन्हाळ्यात टेबल माझं राहत नाही. ऊन माडीवर छान येतं. “अहो, तेवढं सैन्य उचला, सांडगे घालायचेत.” मी एकदा विचारलं की सांडगे सैन्याच्या मधूनमधून घालता येणार नाहीत का? त्यावर मिळालेलं उत्तर इथं देत नाही. एके वर्षी घाईत उचलताना गोखल्यांचे दोन स्वार राहून गेले आणि कुरडयांबरोबर डब्यात गेले. चैत्रात हरवलेले, संक्रांतीला तळताना सापडले. एकाची तलवार वाकली होती, बाकी शाबूत. मांजराबद्दल मी लिहिणार नाही. ते आष्टीच्या माळावर झोपतं एवढंच सांगतो, आणि जिथं झोपतं तिथं छत्रपतींची छावणी आहे.

हेही सगळं मी सोसलं असतं. खरा अडसर पुढं आहे. हा खेळ दोघांचा. आणि मोहोळ तालुक्यात इंग्रज व्हायला कुणी तयार नाही.

मेव्हण्याला बोलावलं. तो म्हणाला, मी गोखले. भाच्याला बोलावलं. तोही गोखले. मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी गोखले असतील तर लढाई कशावरून व्हायची? तर म्हणाले, तुम्ही व्हा की स्मिथ. सात वर्षं पदरचे पैसे घालून, डोळे आखून, कुरडयांतून माणसं परत आणून मी कुणासाठी लढायचं? तर स्मिथसाठी! तरी एकदा मी मन घट्ट करून स्मिथ झालो. भाच्यानं पहिल्याच डावात गोखल्यांना थेट माझ्या अंगावर घातलं. हे इतिहासाला धरून आहे. गोखल्यांनी थोडेसे स्वार घेऊन चढाई केली, त्या धुमश्चक्रीत स्मिथच्या डोक्यावर तलवारीचा वार बसला, आणि गोखले तिथंच पडले. भाच्यानं फासा टाकला, सहा आले, स्मिथला वार बसला. मग मी टाकला. गोखल्यांनी पडावं म्हणून मला चार किंवा त्याहून जास्त हवे होते. पाच आले. भाच्यानं फासा उचलून म्हटलं, “मामा, टेबल हललं.” परत टाका. परत पाच. “मांजर हललं.” तिसऱ्यांदा मी टाकला नाही. शेजारचे काका जिन्यात उभे राहून बघत होते, ते म्हणाले, “जाऊ द्या की ओ भाऊसाहेब, जगू द्या त्यांना. तुमचं काय जातंय?”

माझं काही जात नाही. पण मग लढाई होते कुठं?

बाजीरावाची भूमिका त्यामानानं सोपी. त्याला टेबलाच्या काठापर्यंत पोचायचं असतं, एवढंच. ती मी त्याच शेजारच्या काकांना दिली, कारण ते निवृत्त आहेत आणि त्यांना घाई नसते. त्यांनी पुढचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं, पेशवे शरण गेले, इंग्रजांनी त्यांना बिठूरला ठेवलं, वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन. काकांनी चष्मा काढला. “आठ लाख? त्या काळचे?” त्या काळचे. “आणि मिळाली वेळेवर?” आयुष्यभर मिळाली, १८५१ पर्यंत. “म्हणजे तेहतीस वर्षं,” काका म्हणाले, आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बाजीरावाचा घोडा बोटानं काठाकडं ढकलला आणि विचारलं, “लढायचं होतं कशाला मग?” आता ते रोज संध्याकाळी येतात. लढाईबद्दल बोलत नाहीत. ती पेन्शन मागं दत्तक मुलाला का मिळाली नाही, यावर बोलतात.

यात बाहेर एक वेगळीच वार्ता पसरली. माडीवर रात्री दिवा दिसतो, चारपाच पुरुष जमतात आणि फासे पडल्याचा आवाज येतो. पतसंस्थेत एका ठेवीदारानं ठेव मोडायचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं होतं, पण माझ्याकडं बघून लिहिलं. तेव्हापासून फासे मी रुमालावर टाकतो. रुमालावर फासा नीट गडगडत नाही, बहुतेक वेळा एकच पडतो. एक पडला की मराठ्यांचं काही होत नाही आणि इंग्रजांचंही काही होत नाही. सगळे डावीकडं बघत उभे.

येत्या २० फेब्रुवारीला लढाई ठेवली आहे. गोखले भरपूर आहेत, बाजीराव ठरलेला आहे, छत्रपतींच्या छावणीवरचं मांजर त्या दिवशी खाली कोंडू. मोहोळ, माढा किंवा पंढरपूर तालुक्यातल्या कुणा सद्गृहस्थाची इंग्रज व्हायची तयारी असेल तर त्यांनी यावं. लाल डगला लागत नाही. जिंकल्याबद्दल कुणी काही बोलणार नाही याची हमी मी देतो, भाच्याची देत नाही. दुपारचं जेवण आमच्याकडं : कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. तळण नाही. एक स्वार अजून सापडायचा आहे.