छंद घेणे आहे

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं काढून तळेगाव दाभाड्याला येऊन स्थिरावलेले गृहस्थ निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात छंदाची खरेदी काढतात. खरेदीच म्हणायची, कारण पद्धत तीच असते. आधी तक्ता तयार होतो. एका रकान्यात खर्च, दुसऱ्यात गुडघ्यांवर होणारा परिणाम, तिसऱ्यात नातेवाइकांत होऊ शकणारी चर्चा. मग तीन पर्याय मागवून त्यातला सर्वांत समाधानकारक मंजूर करायचा. मराठी भाषेने मात्र ही सोय ठेवलेली नाही. आपल्याकडे छंद लागतो. ठेच, तहान आणि उचकी लागते, तसाच. अर्ज करून उचकी लागल्याचं कोणी ऐकलेलं नाही, पण गृहस्थांना हे पटत नाही. आयुष्यात जे जे लागलं ते सगळं त्यांनी स्टोअरमधून सही करून घेतलेलं असतं.

मावळात राहायचं तर पहिली मंजुरी किल्ल्यांना मिळते. त्यातून २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांत लोहगड आला. म्हणजे छंदाला आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. बूट, काठी, गळ्यात बांधायची दोरी असलेली टोपी, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची तोंडापर्यंत येणारी नळी असा सरंजाम घेऊन गृहस्थ लोहगड चढतात. पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने मिळत जातात. तिसऱ्या फेरीला ते पर्यटकांना हे दरवाजे समजावून सांगू लागतात, गडाच्या विंचूकाटा माचीकडे बोट दाखवतात आणि छंद जमल्यासारखा वाटतो. मग कोणीतरी त्यांना शेजारच्या विसापूरला नेतं, तेही पावसाळ्यात. तिथल्या वाटेवर पायऱ्या आणि पाणी एकाच रस्त्याने येतात. गृहस्थ चार हातापायांवर असताना प्लास्टिकची चप्पल घातलेला दहा वर्षांचा पोरगा शेळ्या हाकत शेजारून वर जातो आणि जाताना म्हणतो, “काका, पाय तिथं नका ठेवू.” दुर्गप्रेम त्या दिवशी संपतं. कारण विचारलं तर गुडघा सांगतात.

पुढे कामशेतच्या पॅराग्लायडिंगची नुसती चौकशी होते. हवेत कोणाला सूचना देता येत नाहीत, म्हणून प्रस्ताव बारगळतो. मग येते शेती. पवन मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याचं एक खाचर ‘आपलं’ म्हणायचं ठरतं आणि गृहस्थ इंद्रायणी तांदळाचा पूर्ण अभ्यास करतात. हे वाण १९८७ साली इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलं, त्याच्या वंशावळीत आंबेमोहोर आहे, हे सगळं त्यांना पाठ असतं. आवणीच्या दिवशी मात्र चिखलात वाकल्यावर त्यांची ओळ तिरकी जाते, आणि मागून येणाऱ्या बायका हसत हसत त्यांची रोपं उपटून पुन्हा लावतात. अर्ध्या तासात गृहस्थ बांधावर येतात आणि हेच काम कमी माणसांत कसं बसवता येईल, याचं गणित मांडतात.

या तिन्ही प्रसंगांत बिघाड एकच आहे, आणि तो गुडघ्यात नाही. तीस वर्षांत या माणसाला कोणी ‘पाय तिथं नका ठेवू’ असं सांगितलेलं नसतं. नवखेपण त्यांनी पहिल्या बढतीबरोबर जमा करून टाकलेलं असतं. छंदात ते पुन्हा काढावं लागतं, कारण छंद म्हणजे जिथे आपली ज्येष्ठता धरत नाहीत अशी एकमेव नोकरी. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक आपापले कामधंदे सांभाळून दऱ्यांत अडकलेल्यांना वर काढतात. तिथे दोराच्या गाठीला तुमचा हुद्दा ठाऊक नसतो. गाठ एक तर बसते, नाहीतर सुटते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की या वयात माणसाला थोडी दाद हवी असली तर बिघडलं कुठे? काहीच नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्यात सरळ कोरलंय. नावाची हौस मावळाला नवी नाही. पण भूतपालाने काम पुरं झाल्यावर मजकूर दिला. आपले गृहस्थ ‘दुर्ग अभ्यासक’ अशी कार्डं आधी छापतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोनीदा तळेगावात राहून गड हिंडले, पण ते गो. नी. दांडेकर होते, सामान्य माणसाचं काय? तर हिंडायला प्रतिभा लागत नाही. लिहायला लागते, आणि लिहायचा आग्रह गृहस्थांना कोणी केलेला नाही (तसा तो झाला नाही, तर मावळ अधिकच सुखी राहील). तब्येतीसाठी चालायचं असेल तर जरूर चालावं, तो व्यायाम आहे. त्याला छंद म्हणून मिरवलं नाही तरी रक्तदाब तेवढाच उतरतो.

म्हणून तक्ता ठेवणाऱ्यांना एकच सुचवणं. कार्ल्याच्या त्याच चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनीही आपली दानं नोंदवली आहेत, आणि ती वाचायची तर पहिलीच्या पोरासारखं ‘क’पासून सुरू करावं लागतं. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, एवढा धडा फुकट. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. रुळांच्या उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे. टोपी जुनी चालते.